मोठ्या आतड्यातली गाठ यकृतात पोचते कशी? संदेशवाहक प्रथिनांची कामगिरी

प्रथिनपुराण

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं, ते बहुतेक 'एपीसी जनुक बिघडलं की कर्करोग होतो' इथवर येऊन थांबतं. नुसतं एपीसी बिघडून होतो तो पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरची साधी, आत न घुसणारी गाठ. कोलोनोस्कोपीत तारेचा फास टाकून तो काढला की विषय मिटतो. जीव जातो तो बहुधा यकृतातल्या नाहीतर फुप्फुसातल्या गाठींमुळे. म्हणून हा धागा पॉलिपनंतरच्या प्रवासावर: कोणतं प्रथिन कुठे काय करतं, आणि औषध कुठे लागू पडतं, कुठे पडत नाही. प्रयोगशाळेत किंवा रुग्णालयात या विषयावर काम करणाऱ्यांनी भर घालावी.

सुरुवात विंटपासून, म्हणजे पेशीला 'वाढ' असं सांगणाऱ्या निरोपाच्या प्रथिनापासून. निरोगी पेशीत विंटचा निरोप नसेल तेव्हा बीटा-कॅटेनिन (विंटचा निरोप केंद्रकात नेणारं प्रथिन) तयार होतं आणि लगेच मोडलं जातं. मोडणाऱ्या टोळीत चौघं: एपीसी, ॲक्झिन, सीके-१ आणि जीएसके-३. सीके-१ आधी बीटा-कॅटेनिनच्या ४५ व्या जागेवर (सेरीन-४५) फॉस्फेट लावतं. त्याशिवाय जीएसके-३ ला पुढे सरकता येत नाही. मग ते ४१, ३७ आणि ३३ या जागांवर ओळीने फॉस्फेट लावत जातं. ३७ आणि ३३ वरच्या खुणा ओळखून बीटा-टीआरसीपी हे प्रथिन त्यावर युबिक्विटिन ही 'मोडा' अशी खूण चिकटवतं आणि प्रोटिआसोम या पेशीतल्या चक्कीत त्याचा चुरा होतो. विंट आला की ही टोळी थंडावते, बीटा-कॅटेनिन साठतं, केंद्रकात शिरतं आणि डीएनएवर बसणाऱ्या टीसीएफ-४ सोबत मिक, सायक्लिन डी-१, एलजीआर-५, ॲक्झिन-२ ही जनुकं चालू करतं. सुमारे ८० टक्के गाठींत एपीसी तुटलेलं असतं, म्हणजे निरोप न येताच निरोप आल्यासारखं सगळं चालू राहतं. उरलेल्यांपैकी काहींत बीटा-कॅटेनिनच्या त्या चार जागांपैकी एखादी बिघडलेली असते, काहींत आरएनएफ-४३ (पेशीवर विंट घेणारी प्रथिनं आवरणारं) गेलेलं असतं.

आता खरी गंमत. एपीसीचा बिघाड गाठीतल्या झाडून सगळ्या पेशींत असतो. मग बीटा-कॅटेनिनही सगळ्यांच्या केंद्रकात दिसायला हवं. तसं दिसत नाही. गाठीच्या मध्यभागी ग्रंथींसारखी नीट रचना असते आणि बीटा-कॅटेनिन बरंचसं पेशीच्या कडेला, पेशी एकमेकींना चिकटवणाऱ्या ई-कॅडहेरिनला धरून बसलेलं असतं. गाठ जिथे स्नायूच्या थरात घुसते त्या आघाडीवर मात्र सुट्या पेशी आणि केंद्रकात ठासून भरलेलं बीटा-कॅटेनिन. पुढे यकृतातली गाठ पाहिली तर पुन्हा ग्रंथी आणि बीटा-कॅटेनिन परत कडेला. ब्राब्लेट्झ आणि सहकाऱ्यांनी २००१ साली हे दाखवलं. जनुकातला बिघाड तर कायमचा, तो येत-जात नाही. म्हणजे आघाडीवरच्या पेशीला सुटं व्हायला लावणारा आणि यकृतात पोचल्यावर पुन्हा ग्रंथी बांधायला लावणारा निरोप भोवतालातून येतो: फायब्रोब्लास्टकडून (आधार-ऊतीतल्या पेशी) एचजीएफ, टीजीएफ-बीटा ही निरोपाची प्रथिनं, रोगप्रतिकारक पेशींकडून आणखी काही. स्नेल, झेब-१, ट्विस्ट ही प्रथिनं ई-कॅडहेरिन दाबतात ती याच निरोपांवर.

काचपट्टी

छान धागा. आघाडीवरच्या या सुट्या पेशी पॅथॉलॉजीच्या अहवालात 'ट्यूमर बडिंग' म्हणून मोजल्या जातात. २०१६ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीनुसार बड म्हणजे एकटी पेशी किंवा जास्तीत जास्त चार पेशींचा पुंजका. पाच झाल्या की तो बड नाही. साध्या एच-अँड-ई (नेहमीचा गुलाबी-जांभळा रंग) काचपट्टीवर घुसणाऱ्या कडेचे दहा भाग आधी चाळायचे, त्यातला सर्वात दाट निवडायचा आणि ०.७८५ चौरस मिलिमीटर इतक्या क्षेत्रात मोजायचं. ० ते ४ म्हणजे बीडी-१, ५ ते ९ बीडी-२, १० किंवा जास्त बीडी-३. क्षेत्र का सांगितलं? कारण २० पटीच्या वस्तुभिंगातून दिसणारं क्षेत्र आयपीसच्या फील्ड नंबरप्रमाणे बदलतं. तो २० असेल तर बरोबर ०.७८५ भरतं, २२ असेल तर ०.९५० भरतं आणि आकड्याला १.२१ ने भागावं लागतं. हा भागाकार राहिला तर पाच बड्सचा रुग्ण, जो खरं तर बीडी-१ मध्ये बसतो, तो बीडी-२ होऊन बसतो.

चुका होतात त्या नेहमीच्याच. पू साचलेल्या ठिकाणी तुटलेल्या ग्रंथींचे तुकडे बड म्हणून मोजले जातात. दाह जास्त असेल तिथे फुगलेली मॅक्रोफेज आणि स्ट्रोमातल्या (गाठीभोवतालच्या आधार-ऊतीतल्या) पेशीही फसवतात. केराटिनचा (अस्तराच्या पेशींतल्या प्रथिनाचा) रंग लावला की बड शोधणं सोपं होतं, पण आकडा भलताच वाढतो आणि वरचे टप्पे त्याला लागू पडत नाहीत. केराटिन जागा हुडकण्यापुरतं वापरा, मोजणी एच-अँड-ईवरच. पॉलिप काढल्यावर त्यात टी-१ (सबम्युकोसाच्या थरापर्यंतच घुसलेला) कर्करोग सापडला आणि बीडी-२ किंवा ३ निघाला, तर लसीका ग्रंथींत पसरण्याची शक्यता वाढते, आणि आतड्याचा तो भाग काढायचा का या निर्णयात हा आकडा धरला जातो.

निळी_शाई

एचसीटी-११६ (आतड्याच्या कर्करोगाची प्रयोगशाळेतली पेशीरेषा) पेशींवर टीजीएफ-बीटा ५ नॅनोग्रॅम प्रति मिली, ४८ तास. ई-कॅडहेरिन हलत नाही, पेशी लांबट होत नाहीत. डोस १० किंवा २० करावा का?

संवर्धक

डोस शंभर केलात तरी उपयोग नाही. एचसीटी-११६ मध्ये टीजीएफ-बीटाचा टाइप-२ रिसेप्टरच (पेशीवरचं निरोप घेणारं दार) तुटलेला आहे. त्या जनुकात सलग दहा ॲडेनिनची रांग आहे. डीएनए दुरुस्तीचं एमएमआर यंत्र बंद पडलेल्या पेशींत नेमक्या अशाच रांगा घसरतात, एखाद-दुसरं अक्षर गळतं आणि पुढचं प्रथिन अर्धवट राहतं. एचसीटी-११६, लोव्हो, आरकेओ, सगळ्यांची तीच गत. निरोप दारातच अडतो.

मग एचटी-२९ घ्यावं म्हणाल, तर तिथे स्मॅड-४ (रिसेप्टरचा निरोप केंद्रकात नेणारं प्रथिन) अर्धवट आहे. रिसेप्टर चालतो, स्मॅड-२ वर फॉस्फेटही लागतं, ब्लॉटवर (प्रथिनं ओळखण्याची चाचणी) सुंदर पट्टा येतो आणि माणूस खूश होतो. पण स्मॅड-४ शिवाय त्या निरोपाचा स्मॅडमार्फत होणारा भाग केंद्रकात पुरा होत नाही. एसडब्ल्यू-४८० मध्येही स्मॅड-४ नाहीच म्हणा. म्हणून आधी रिसेप्टर आणि स्मॅड-४ दोन्ही शाबूत आहेत का ते पाहा, नाहीतर एचसीटी-११६ मध्ये रिसेप्टर परत घालून घेतलेली पेशीरेषा वापरा. पेशी मित्राच्या इन्क्युबेटरमधून उचलून आणू नका. पुण्याच्या एनसीसीएससारख्या संग्रहातून घ्या, एसटीआर प्रोफाइल (पेशीची डीएनए ओळख) जुळवा, मायकोप्लाझ्मा जंतूचा संसर्ग दर महिन्याला तपासा.

टीजीएफ-बीटाची कुपी हाताळणं हीही एक कलाच आहे. ४ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये ०.१ टक्का बीएसए (गोवंशीय अल्ब्युमिन) घालून त्यात विरघळवा. नुसत्या पीबीएसमध्ये विरघळवलं तर ते नळीच्या प्लॅस्टिकला चिकटतं आणि पेशींपर्यंत पोचतं ते भलतंच कमी. छोटे भाग करून उणे ८० ला ठेवा, एकदा वितळवलेलं पुन्हा गोठवू नका. पेशी आदल्या रात्री सीरमशिवाय किंवा ०.५ टक्के सीरमवर ठेवा, कारण एफबीएसमध्ये (गाईच्या गर्भाचं सीरम) मुळातच टीजीएफ-बीटा असतं. स्मॅड-२ चं फॉस्फेट ३० ते ६० मिनिटांत पाहायचं, ई-कॅडहेरिन ४८ ते ७२ तासांनी. सोबत एसबी-४३१५४२, १० मायक्रोमोलर, हा रोधक घातलेली एक थाळी हवीच. रोधकाने परिणाम गेला तरच तो टीजीएफ-बीटाचा.

निळी_शाई

धन्यवाद, हे कुठल्याच प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं नव्हतं. मग एचसीटी-११६ नुसती ट्रान्सवेलसाठी (पेशी छिद्रांच्या पडद्यातून खाली किती उतरतात ते मोजायला) चालेल का?

संवर्धक

चालेल, पण आक्रमण मोजायच्या नादात वाढच मोजून बसाल. ही पेशी २० तासांच्या आसपास दुप्पट होते. ४८ तासांत आकडा पाचपटीच्या वर. तुमच्या प्रथिनाने वाढ मंदावली तरी खाली कमी पेशी दिसतात आणि पेपरात 'आक्रमण घटलं' असं छापलं जातं. म्हणून शक्यतो २४ तासांतच थांबवा आणि शेजारी साध्या थाळीत तेवढ्याच वेळची वाढ मोजा.

२४ कप्प्यांच्या थाळीतलं इन्सर्ट, छिद्रं ८ मायक्रॉन. मॅट्रिजेल (पेशींना घुसायला ठेवायचा प्रथिनांचा थर) आदल्या रात्री बर्फात घालून ४ अंशांच्या फ्रिजमध्ये ठेवून वितळवा, टोकं आणि नळ्याही गार. हातात धरून बोलत बसलात तर पिपेटमध्येच खरवस होतो. गार, सीरम नसलेल्या माध्यमात २०० ते ३०० मायक्रोग्रॅम प्रति मिलीपर्यंत पातळ करा, इन्सर्टमध्ये १०० मायक्रोलिटर, ३७ अंशांवर दोन तास. ग्रोथ फॅक्टर कमी केलेलंच मॅट्रिजेल घ्या, साध्यात ईजीएफ आणि टीजीएफ-बीटा दोन्ही असतात. वर ५० हजार ते १ लाख पेशी २०० मायक्रोलिटर सीरमविरहित माध्यमात, खाली ६०० मायक्रोलिटर १० टक्के एफबीएस. इन्सर्ट तिरकं करत उतरवा, खाली बुडबुडा अडकला तर तेवढ्या गोलात एकही पेशी उतरत नाही आणि मधोमध पांढरा डाग दिसतो. शेवटी वरची बाजू ओल्या कापसाच्या बोळ्याने दोनदा पुसा, ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड १५ मिनिटं, ०.१ टक्के क्रिस्टल व्हायोलेट २० मिनिटं. मॅट्रिजेल न लावलेलं इन्सर्ट प्रत्येक वेळी सोबत ठेवा. लावलेल्याला न लावलेल्याने भागून जो आकडा येतो तो आक्रमणाचा. नुसता लावलेल्याचा आकडा चालण्याचा की घुसण्याचा, कळत नाही.

रामबाण

टीजीएफ-बीटा पसरायला मदत करतं म्हणता, आणि त्याचा रिसेप्टर किंवा स्मॅड-४ तुटलेल्या गाठी भरपूर असतात असंही म्हणता. दोन्ही कसं खरं?

प्रथिनपुराण

@रामबाण, नेमका प्रश्न विचारलात. सुरुवातीला टीजीएफ-बीटा आतड्याच्या पेशीला 'वाढू नकोस' असंच सांगतं. म्हणून गाठीला त्यापासून सुटका हवी असते आणि रिसेप्टर किंवा स्मॅड-४ तुटलेल्या पेशी पुढे निघून जातात. स्मॅड-४ ज्या १८-क्यू भागात (१८ व्या गुणसूत्राची लांब बाजू) आहे तो भाग गळणं हे फिअरन आणि व्होगेलस्टाइन यांच्या १९९० च्या पायऱ्यांच्या आराखड्यातही होतं.

पण कर्करोगाची पेशी बहिरी झाली म्हणून टीजीएफ-बीटा थांबत नाही. भोवतालचे फायब्रोब्लास्ट, रक्तवाहिन्या, टी-पेशी यांना ते ऐकू येतंच. २०१२ साली एडुआर्ड बॅटल यांच्या बार्सिलोनातल्या गटाने दाखवलं की टीजीएफ-बीटा ऐकलेले स्ट्रोमातले पेशीगण इंटरल्यूकिन-११ सोडतात, त्याने कर्करोगाच्या पेशीत स्टॅट-३ हे जगवणारं प्रथिन चालू होतं आणि यकृतात नव्याने उतरलेली पेशी पहिल्या काही दिवसांत मरत नाही. पसरण्यातला सर्वात अवघड टप्पा तोच. रक्तात सुटतात हजारो, टिकतात थोड्या. याच गटाच्या २०१८ च्या उंदरांत एपीसी, केरास, पी-५३ आणि टीजीएफ-बीटाचा रिसेप्टर अशी चारही जनुकं आतड्याच्या पेशीत बिघडवलेली होती. म्हणजे गाठीच्या पेशी टीजीएफ-बीटा ऐकूच शकत नव्हत्या. तरी गॅल्युनिसर्टिब देऊन तो निरोप अडवला तेव्हा टी-पेशी गाठीत शिरल्या, आणि पीडी-एल-१ रोधकाची (टी-पेशींवरचा लगाम सोडणारं औषध) जोड दिल्यावर यकृतातल्या गाठीही विरल्या. औषधाने काम केलं ते शेजाऱ्यांवर.

माणसांतल्या गाठींची २०१५ मध्ये जी चार गटांत विभागणी झाली, त्यातला सीएमएस-४ हा गट, साधारण २३ टक्के, असा स्ट्रोमाने आणि टीजीएफ-बीटाच्या खुणांनी भरलेला असतो. पुन्हा उलटण्याचं प्रमाण याच गटात सर्वात वाईट. उंदरांतलं यश माणसांत मात्र उतरलेलं नाही, टीजीएफ-बीटा अडवणारं एकही औषध आतड्याच्या कर्करोगासाठी मंजूर नाही.

ओपीडी_बारा

रुग्णाच्या दृष्टीने आज सर्वात उपयोगी साखळी म्हणजे ईजीएफआर, रास, बी-राफ, मेक, ईआरके: वाढीचा निरोप पेशीबाहेरून आत एकमेकांना देत जाणारी प्रथिनं. सेटुक्सिमॅब आणि पॅनिटुमुमॅब या अँटिबॉडी पेशीच्या बाहेर ईजीएफआरवर बसतात. खाली रास कायमचं चालू असेल तर वर झाकण घालून उपयोग नाही. म्हणून चौथ्या टप्प्यातल्या प्रत्येक रुग्णात रासच्या केरास आणि एनरास या दोन्ही जनुकांचे १२, १३, ५९, ६१, ११७ आणि १४६ हे कोडॉन (ठरावीक जागा) तपासायचे. 'केरास निगेटिव्ह' एवढंच लिहिलेला जुना अहवाल आला आणि त्यात फक्त १२-१३ पाहिले असतील, तर तो पुरेसा नाही. रास बिघडलेलं असताना ही अँटिबॉडी ऑक्झॅलिप्लॅटिनबरोबर दिली तर फायदा सोडाच, चाचण्यांत निकाल उलट वाईट दिसले आहेत. शिवाय गाठ उजव्या बाजूची असेल तर रास नीट असूनही पहिल्या फळीत यांचा फायदा फारसा मिळत नाही.

बी-राफ व्ही-६००-ई हा बिघाड शंभरात आठ-दहा जणांत. या बिघाडावरचं औषध मेलेनोमात (त्वचेचा कर्करोग) एकटं चालतं, निम्म्या रुग्णांत गाठ लहान होते. आतड्यात तेच औषध एकटं दिलं तर पाच टक्क्यांच्या आसपास. कारण २०१२ मध्ये सापडलं: बी-राफ बंद झालं की ईआरकेकडून ईजीएफआरवर असलेला लगाम सुटतो, आणि आतड्याच्या पेशीत ईजीएफआर भरपूर असल्याने निरोप दुसऱ्या वाटेने खाली उतरतो. मेलेनोमात ईजीएफआरच कमी. म्हणून दोन्ही एकदम अडवायचं: एन्कोराफेनिब रोज ३०० मिलिग्रॅम आणि सेटुक्सिमॅब. बीकन चाचणीत आधी औषधं घेऊन झालेल्या रुग्णांचं मध्यक आयुर्मान ५.९ वरून ९.३ महिन्यांवर गेलं. केरास जी-१२-सी हा बिघाड, तीन-चार टक्के, तिथेही हीच युक्ती, सोटोरासिब किंवा अ‍ॅडाग्रासिबला ईजीएफआरच्या अँटिबॉडीची जोड.

संवर्धक

याला जोडून. ही पलटी थाळीत पाहायची असेल तर एचटी-२९ उत्तम, व्ही-६००-ई तिच्यात आहे. बी-राफ रोधक घालून १ तास, ६ तास, २४ तास असे नमुने घ्या. फॉस्फो-ईआरके (फॉस्फेट लागलेलं, म्हणजे चालू ईआरके) पहिल्या तासात खाली जातं आणि २४ तासांपर्यंत परत वर येतं. एकाच वेळेचा नमुना घेणाऱ्याला 'औषध चालतं' किंवा 'चालत नाही' यातलं काहीही मिळू शकतं, घड्याळ कुठे लावलं त्यावर. माध्यम नुसतं बदललं तरी फॉस्फो-ईआरके उसळतं, म्हणून कंट्रोल थाळीचं माध्यमही त्याच मिनिटाला बदला. पेशी बर्फावर फोडा, बफरमध्ये फॉस्फेटेज रोधक ताजे घाला, ब्लॉक करायला दूध नको, ५ टक्के बीएसए टीबीएस-ट्वीनमध्ये. दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फेटने लदलेलं असतं.

रामबाण

८० टक्क्यांत एपीसी बिघडतं, मग विंट बंद करणारं औषध बाजारात का नाही? सगळ्यांना चाललं असतं.

प्रथिनपुराण

कारण तुटलेली जागा साखळीत बरीच खाली आहे. पॉर्क्युपाइन रोधक पेशीतून विंट बाहेर पडणंच थांबवतात. एपीसी गेलेल्या पेशीला विंट आला काय नि न आला काय, सारखंच. ते लागू पडू शकतात आरएनएफ-४३ किंवा आर-स्पॉन्डिनचा (विंटचा निरोप वाढवणारं प्रथिन) बिघाड असलेल्या थोड्या रुग्णांत, कारण त्या गाठी बाहेरच्या विंटवर अवलंबून असतात. टँकिरेज रोधक ॲक्झिन टिकवून ठेवतात, हे जरा खालच्या पायरीवरचं, पण उंदरांत आतड्याच्याच अस्तराची वाट लागली. निरोगी आतडं चार-पाच दिवसांत नवं अस्तर घालतं ते याच विंटवर. हाडांचंही तेच: विंट अडवणाऱ्या औषधांच्या चाचण्यांत हाडं ठिसूळ होणं, मोडणं, तोंडाची चव जाणं हे दिसलं. बीटा-कॅटेनिन आणि टीसीएफ-४ जिथे एकमेकांना चिकटतात तो पृष्ठभाग लांबलचक, लहान रेणूला पाय रोवायला खाच मिळत नाही.

निळी_शाई

यकृतच का? कॅन्सरची पेशी पत्ता बघून जाते का?

काचपट्टी

निम्मं उत्तर नळकामात आहे. कोलन आणि गुदाशयाचा वरचा भाग यांचं रक्त पोर्टल शिरेतून थेट यकृतात जातं, पहिली चाळण तीच. गुदाशयाच्या खालच्या भागाच्या मधल्या आणि खालच्या शिरा इंटर्नल इलियॅकमार्गे मोठ्या शिरेत उतरतात, यकृत टळतं आणि पहिली चाळण फुप्फुसाची. म्हणून गुदाशयाच्या खालच्या गाठीत फुप्फुसात पसरण्याचं प्रमाण जास्त. उरलेलं उत्तर निरोपांत: यकृतात सीएक्ससीएल-१२ हे निरोपाचं प्रथिन असतं आणि ज्या पेशीवर त्याचा सीएक्ससीआर-४ रिसेप्टर असतो ती तिथे टिकते.

रामबाण

ॲस्पिरिनने पसरणं थांबतं असा एक फॉरवर्ड फिरतोय. तथ्य किती?

ओपीडी_बारा

फॉरवर्डमध्ये अटी गाळलेल्या असतात. २०२५ मध्ये छापून आलेली अलास्का ही उत्तर युरोपातली चाचणी: शस्त्रक्रिया झालेले, पसरलेला कर्करोग नसलेले रुग्ण. सुमारे ३७ टक्क्यांच्या गाठीत पीआय-३-के या वाढीच्या साखळीत बिघाड सापडला आणि फक्त त्यांनाच रोज १६० मिलिग्रॅम ॲस्पिरिन किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी, तीन वर्षं. त्यातल्या पीआयके-३-सीए जनुकाच्या ९ आणि २० व्या एक्झॉनमध्ये (जनुकाचे तुकडे) बिघाड असलेल्यांत तीन वर्षांत रोग उलटण्याचं प्रमाण १४.१ ऐवजी ७.७ टक्के. बिघाड नसलेल्यांना या चाचणीत ॲस्पिरिन दिलंच नाही, त्यांच्याबद्दल हा आकडा काही सांगत नाही. एक कारण असंही मांडतात की रक्तात सुटलेल्या पेशीभोवती प्लेटलेट गोळा होतात आणि त्या टीजीएफ-बीटाने भरलेल्या असतात. टीजीएफ-बीटा काय करतं ते वरच्या चर्चेत येऊन गेलंच आहे. गोळी स्वतःहून सुरू करू नका. अल्सर, रक्त पातळ करणारी दुसरी औषधं, किडनीचा त्रास असेल तर रक्तस्राव जड जाईल.

काचपट्टी

आणि यातली कोणतीही तपासणी ब्लॉक (मेणात बसवलेला ऊतीचा नमुना) चांगला असेल तरच. नमुना काढल्यापासून तासाभरात १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये हवा, ६ तासांपेक्षा कमी नको नि ७२ पेक्षा जास्त नको. आतडं न उघडता अख्खं बरणीत टाकून सोमवारपर्यंत ठेवलं, तर आतला भाग कुजतो आणि डीएनएचे तुकडे होतात. मग रास तपासणी 'नमुना अपुरा' म्हणून परत येते. गाठीच्या पेशी किती टक्के आहेत ते काचपट्टीवर खूण करून पाठवा, २० च्या खाली असतील तर सूक्ष्मविच्छेदन लागेल. एमएलएच-१, पीएमएस-२, एमएसएच-२, एमएसएच-६ या डीएनए दुरुस्तीच्या (एमएमआर) प्रथिनांचे चारही रंग प्रत्येक रुग्णात करा. एमएलएच-१ गेलेलं दिसलं तर लगेच लिंच (आनुवंशिक कर्करोगाचा प्रकार) म्हणून घरच्यांना घाबरवू नका, आधी बी-राफ व्ही-६००-ई बघा. ते असेल तर बहुधा आनुवंशिक नाही. नसेल तर एमएलएच-१ च्या प्रमोटरचं मिथिलेशन (जनुक बंद करणारी रासायनिक खूण), आणि तेही नसेल तरच घराण्याची चौकशी. फॉस्फो-ईआरके किंवा फॉस्फो-स्मॅड ब्लॉकवर रंगवून द्या अशी मागणी संशोधकांकडून येते. शस्त्रक्रियेत शीर बांधल्यापासून फॉर्मलिनपर्यंतच्या मिनिटांत ती फॉस्फेटं उतरलेली असतात. ते हवं असेल तर थिएटरमध्येच तुकडा द्रव नायट्रोजनमध्ये टाकायला माणूस उभा करा, आणि त्यासाठी एथिक्स कमिटीची परवानगी आधी काढा.